डाव्या दाढेचा पाइप

कवळीमास्तरांना दोनच गोष्टींची भीती वाटे. एक पाल आणि दुसरी बायकोचा शांत स्वर. बायको ओरडत असेल तोवर घर ठीक चाललंय असं ते समजत. त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते, तेव्हा मागून अगदी शांत स्वरात प्रश्न आला,

"अहो, शेडमधल्या वरच्या फळीवर, रॉकेलच्या डब्यामागे मी एक लाकडाचा ठोकळा ठेवला होता. तो कुठाय?"

"कुठला ठोकळा?" मास्तर म्हणाले. हा प्रश्न नवऱ्यांनी वेळ काढण्यासाठीच शोधून काढलेला आहे.

"कण्हेरीचा. शेजाऱ्यांची बकरी पानं खाऊन मेली, तेव्हा टाकीजवळची कण्हेर तोडली नाही का आपण? बाकी सगळी पुरली, बुंध्याची गाठ तेवढी राहिली. माळी म्हणाला होता, हिच्या धुरातसुद्धा उभं राहू नका. म्हणून मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, जाळू नये."

मास्तरांच्या हातातला वस्तरा गालावरच थांबला. खडू त्यांना आठवत होता. काय लिहिलंय ते आठवत नव्हतं, कारण त्या वेळी चष्मा कपाळावर होता आणि तो खाली ओढायचा त्यांना कंटाळा आला होता. पांढरं काहीतरी खरडलंय एवढं पाहून त्यांनी ते पॉलिशपेपरनं साफ घासून काढलं होतं.

"असेल तिथंच कुठंतरी," ते म्हणाले.

"कुठंतरी म्हणजे? माळी आज न्यायला येणार आहे."

"ठेवलंस तू आणि विचारतेस मला!" असं म्हणून मास्तरांनी उरलेली दाढी तशीच सोडून तोंड धुतलं. त्यामुळे त्या दिवशी त्यांचा एक गाल सभ्य आणि दुसरा फरारी दिसत होता.

ठोकळा कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचा पाइप झाला होता. तो पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, मंडळाच्या पेटीत कुलूपबंद पडला होता. आज दुपारी चार वाजता तो तंबाखू भरून पेटवला जाणार होता. आणि पेटवणार होते मास्तरांचे साडू.

पाइप म्हणजे नळाचे नव्हेत. नळाच्या बाबतीत मास्तरांना साधा वॉशरही बदलता येत नसे. त्यांचे पाइप तंबाखू ओढायचे. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं मास्तरांच्या दातांनी हसत आणि उरलेली निम्मी मास्तरांना हसत. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, घरातल्या सगळ्या कपांचे कान चिकटवून झाले, तेव्हा ते पाइप कोरायला लागले आणि हौशी पाइपकारांच्या मंडळात जाऊन पडले. मंडळात अकरा माणसं होती आणि बारा नियम.

मंडळाचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे अदलाबदल. दीड महिना आधी चिठ्ठ्या पडत. ज्याचं नाव आपल्या चिठ्ठीत येईल त्याच्यासाठी गुपचूप पाइप करायचा. लाकूड मंडळच देई: ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाची गाठ, आगीला दाद न देणारी, प्रत्येकाला एकच ठोकळा. बाहेरचं लाकूड वापरायचं नाही. आठ दिवस आधी पुडकं पेटीत टाकायचं. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं पुडकं सोडायचं, तिथंच सगळ्यांदेखत पाइप पेटवून पहिला झुरका घ्यायचा, आणि कोणी केला हे त्यानंतर उघड व्हायचं.

आता पाइपातली खरी करामत म्हणजे धुराचं भोक. तंबाखूची वाटी वरून कोरायची, धुराचं भोक दांड्याकडून पाडायचं, आणि ते नेमकं वाटीच्या तळाशी येऊन भिडलं पाहिजे. गिरमिट जरा खाली घसरलं की वाटीचं बूड फुटतं. गेल्या वर्षी साडूंच्या पाइपाचं असंच झालं होतं, निखारा चिटणिसांच्या विजारीवर पडला होता, आणि मास्तरांनी भर सभेत साडूंना 'बुडगळका' ही पदवी बहाल केली होती. पदवी एवढी चिकटली की साडूंची नातवंडंसुद्धा ती वापरू लागली.

साडूंना गावात भोंगा म्हणत. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आवाज असा, की बायकोशी कुजबुजले तरी शेजारी उत्तर देत. निवृत्तीच्या वेळी स्थानकानं त्यांच्या सगळ्या घोषणा ध्वनिमुद्रित करून घेतल्या, त्यामुळे माणूस घरी बसला तरी आवाज अजून नोकरीवर होता. दोन महिन्यांपूर्वी मंडळाच्या चहाच्या वेळी साडू मास्तरांच्या कवळ्यांवर काहीतरी लागट बोलले. मास्तर उसळून म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं हे तोंड एकदा कायमचं बंद केलं पाहिजे!" या वाक्याला नऊ साक्षीदार होते. त्या दिवसापासून भोंगा वाजायचा बंद झाला. सभेला येत, कोपऱ्यात बसत, मान हलवत, निघून जात. मास्तरांशी तर अवाक्षर नाही.

आणि नशिबाची गंमत पाहा, चिठ्ठीत मास्तरांना नाव आलं ते भोंग्याचं. मास्तरांना तोंडानं माफी मागता येत नसे, ते खातं घरात बायकोकडे होतं. त्यांनी ठरवलं, माफी हातानं मागायची. भोंगा पाइप नेहमी डाव्या दाढेखाली धरी, गाडीची घोषणा करतानासुद्धा तो तिथून हलत नसे. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनी त्यांचे दोन दात बसवले होते, त्या वेळचा जबड्याचा प्लास्टरचा साचा कपाटात होता. त्यावर माप घेऊन, पाइपाचं तोंडात धरायचं, दांड्यात वेगळं बसवायचं टोक त्यांनी असं घासलं की ते फक्त भोंग्याच्या डाव्या दाढेखालीच चपखल बसावं. जगात दुसऱ्या कुठल्या तोंडात नाही, आणि त्या तोंडातही उजवीकडे नाही. चार दिवस ते एका खाचेवर बसले होते.

पाचव्या दिवशी त्यांनी वाटी कोरली आणि गिरमिट बूड फोडून बाहेर आलं.

ठोकळा एकच. दुसरा मागायचा तर चिटणिसांना कारण सांगावं लागणार, आणि सायंकाळपर्यंत दहा तोंडं 'या बुडगळके' म्हणून स्वागताला उभी. मास्तर शेडमध्ये गेले. तिथे कोणीतरी कधीतरी दिलेलं, पाइपाला चालणारं नासपतीचं लाकूड पडलेलं असायला हवं होतं. रॉकेलच्या डब्यामागे हात घातला, एक सुकलेली सुंदर गाठ हाताला लागली, तीच नासपती असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं ऐकलं. गडद रंग चढवल्यावर ती ब्रायरसारखी दिसायला लागली. कवळी खऱ्या दातांसारखी दिसावी याची चाळीस वर्षांची तालीम अशी कामी आली.

आणि आता ते रस्त्यानं जवळजवळ पळत होते.

चिटणिसांचा फर्निचरचा कारखाना रविवारी बंद असे, पण चिटणीस स्वतः कधी बंद नसत. ते फळ्यांवरचा भुसा ब्रशनं झाडत होते. अदलाबदल इथंच व्हायची, आणि आगीच्या भीतीनं वाळूच्या दोन बादल्या दाराशी मांडून झाल्या होत्या. पेटी कामाच्या टेबलाखाली होती.

"पुडकं परत हवंय? का?"

"थोडं पॉलिश राहिलंय."

"तुमचं? अहो, दाताच्या मागच्या बाजूलासुद्धा पॉलिश करणारा माणूस तुम्ही!"

"आणि नावही चुकीचं लिहिलंय बहुतेक."

"पॉलिश राहिलंय, की नाव चुकलंय?"

"दोन्ही."

चिटणिसांनी ब्रश खाली ठेवला. "नियम सातवा. पेटी एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, वेळेआधी उघडायची नाही. हा मांडला कोणी?"

मास्तर पायानं भुसा सारखा करू लागले.

"तुम्ही. माझा विरोध होता, इतिवृत्तात लिहिलेला आहे. आता किल्ली नर्सबाईंच्या गळ्यात आहे, आणि त्या गळ्यापर्यंत हात न्यायची माझी तरी छाती नाही."

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. हिरवा पत्रा, पितळी कुलूप. आत अकरा पुडकी शेजारी शेजारी निजली होती आणि त्यातलं एक विषारी होतं. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं: चिटणीस, माझं बूड फुटलं आणि मी कण्हेर वापरली. पण त्यातला पहिला अर्धा भाग दारातच अडकून बसला आणि त्यानं दुसऱ्या अर्ध्याला बाहेर पडू दिलं नाही.

"येतो," ते म्हणाले.

नर्सबाई म्हणजे मंडळातल्या एकट्या बाई. तीस-बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. स्वतः कधी तंबाखूला शिवल्या नाहीत, पण पाइप सगळ्यांत देखणे त्यांचे. त्यांचं म्हणणं, ओढणारे ऐकत तर नाहीतच, निदान मरताना हातात बरी वस्तू असावी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या कानस साफ करत होत्या. किल्ली खरंच गळ्यात होती.

"बाई, एक शास्त्रीय शंका होती."

"शास्त्रीय शंकेला एवढा घाम येत नाही. बसा."

"समजा, उदाहरणार्थ, एखाद्यानं कण्हेरीच्या लाकडाचा धूर घेतला..."

"किती?"

"उदाहरणार्थ, एक वाटीभर."

बाईंनी कानस बाजूला ठेवली. "कण्हेर हृदयावर जाते, मास्तर. ठोके मंद होतात, मग चुकायला लागतात. आमच्या वॉर्डात एकजणी आली होती, बिया खाऊन. मी तिची नाडी धरून मोजत बसले होते. मोजता मोजता मोजायला काही उरलंच नाही." त्या क्षणभर आपल्याच बोटांकडे पाहत राहिल्या. "लाकडाच्या धुराचं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हौसही नाही. का हो, कोणाला पाजताय? साडूंना?"

बाई थट्टा करत होत्या. मास्तर हसले, पण ते हसणं दाढी केलेल्या गालालाच जमलं.

"किल्ली जरा..."

"चार वाजता," बाई म्हणाल्या आणि कानस उचलली.

जिन्यात उभं राहून मास्तरांनी साडूंच्या घरी फोन लावला. भोंग्यालाच सांगून टाकू, त्यांनी ठरवलं. पेटवू नका, एवढे दोनच शब्द. कारण नंतर पाहू. फोन धाकटीनं, म्हणजे त्यांच्या मेहुणीनं उचलला.

"ते कुठले घरी असायला, भाऊजी? फोन इथंच टाकून गेलेत. हल्ली रोज सकाळी जातात, कुठे जाता विचारलं तर नुसतं हात हलवतात. तुम्ही काय बोललात हो त्यांना? जेवतसुद्धा नाहीत धड. सगळं कुस्करून, गार करून, डोळे मिटून गिळतात. तुमच्यावरचा राग अन्नावर काढतायत. माणसानं इतकं लागेल असं बोलू नये, भाऊजी."

"नाही बोलू," मास्तर म्हणाले. "चूक झाली. आले तर सांग, पेटवू नका म्हणावं."

"काय पेटवू नका?"

"काहीच पेटवू नका."

फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आता पोलिसांनी चौकशी केली तर हेही वाक्य धाकटी जसंच्या तसं सांगेल. सगळंच कसं जुळून आलं होतं. भर सभेत दिलेली धमकी. दोन महिन्यांचा अबोला. विषारी लाकूड, त्याला वरून दिलेला रंग. पुडकं परत घेण्याचा फसलेला प्रयत्न. नर्सबाईंकडची शास्त्रीय शंका. एवढा व्यवस्थित खून त्यांनी ठरवून केला असता तर जमलाही नसता.

त्यांनी स्थानक पालथं घातलं, नदीकाठचे बाक पाहिले, वाचनालयात डोकावले. भोंगा कुठेच नव्हता. स्थानकावर मात्र त्याचा आवाज घुमत होता: "गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये." मास्तरांना तो आवाज ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस गेल्यावरही हा आवाज असाच वाजत राहणार, रोज, दर वीस मिनिटांनी.

चार वाजायला दहा मिनिटं असताना ते कारखान्यात पोचले. मंडळी गोल करून बसली होती. लाकडाचा आणि सरसाचा वास, खिडकीतून आडवं आलेलं ऊन. भोंगा सगळ्यांत शेवटी आला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. मास्तर त्याच्याकडे निघणार, तोच नर्सबाईंनी कुलूप उघडलं आणि चिटणिसांनी सगळ्यांना जागेवर बसवलं. नियम नववा: पुडकी वाटताना कोणी उठायचं नाही. हाही नियम मास्तरांचाच होता. आयुष्यभर आपण एवढे नियम का केले, असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

पुडकी फुटू लागली. "वा!" "अहाहा!" "हे काय, कोंबडीची मान वाटतेय!" भोंग्यानं दोरा दातानं न तोडता हळूहळू बोटांनी सोडवला. पाइप हातात घेतला, फिरवून पाहिला. मग अंगठा टोकावरच्या खाचेवर गेला आणि तिथेच थांबला. त्यानं मान वर करून थेट मास्तरांकडे पाहिलं. ओळखलं होतं त्यानं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो हसला, अर्ध्याच तोंडानं, आणि छातीला हात लावून मान झुकवली.

माफी पोचली होती. आता फक्त माणूस मरायचा राहिला होता.

"भरा!" चिटणीस म्हणाले.

तंबाखूचे डबे उघडले. मास्तर ताडकन उठले. "मंडळी, पेटवण्याआधी दोन शब्द."

"आभार शेवटी असतात, मास्तर."

"यंदा आधी!"

आणि मास्तर बोलत सुटले. त्यांनी संस्थापकांचे आभार मानले. लाकडाचे मानले, लाकूड आणणाऱ्या ट्रकचे मानले, वाळूच्या बादल्यांचे एकेक करून मानले. एकीकडे ते भोंग्याला डोळ्यांनी खुणावत होते, भुवया उडवत होते, नको नको अशी मान हलवत होते. भोंग्याला वाटलं, साडूभाऊ भारावलेत. त्यानं पुन्हा छातीला हात लावला. "...आणि अग्नी!" मास्तर ओरडले. "अग्नी ही फार वाईट गोष्ट आहे. मी तर म्हणतो, यंदा पेटवूच नये. नुसते पाइप पाहावेत आणि घरी जावं."

"मास्तर," नर्सबाई म्हणाल्या, "घाम फार येतोय तुम्हाला. खाली बसा."

"काडी!" चिटणिसांनी हुकूम सोडला.

अकरांपैकी नऊ काड्या एकदम पेटल्या. मास्तरांची पेटलीच नाही आणि बाई ओढत नसत. नववी काडी भोंग्याची होती. त्यानं वाटीत जेमतेम चिमूटभर तंबाखू टाकली होती. पाइप तोंडात घातला, काडी वाटीवर नेली, आणि ज्योत तंबाखूच्या जवळ आली.

मास्तरांनी एक स्टूल, एक डबा आणि चिटणिसांचा उजवा पाय ओलांडून झेप घेतली आणि साडूंच्या तोंडावर पंजा मारला.

"कण्हेर आहे ती! ओढू नका! मी बुडगळका आहे!"

पाइप भिंतीवर आपटून वाळूच्या बादलीत जाऊन पडला. काडी विझली. भोंगा ओरडला, आणि ते ओरडणं इतकं लहान, इतकं फाटकं होतं की मास्तरांना आधी वाटलं, दुसरंच कोणी ओरडलं.

मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. गिरमिट, शेड, चष्मा, खडू, रंग. सांगताना कोणी हसलं नाही, आणि ही शिक्षा त्यांना हसण्यापेक्षा जड गेली. चिटणिसांनी चिमट्यानं पाइप उचलून वाळूत आणखी खोल पुरला. नर्सबाई भोंग्याची नाडी धरून घड्याळाकडे पाहत होत्या.

"झुरका घेतलात? आत गेला धूर?"

भोंग्यानं नकारार्थी मान हलवली. मग फार हळू, शब्द गालाच्या आतच ठेवून, तो म्हणाला, "ओढणार नव्हतोच मी. काडी विझू देणार होतो. एवढा केलाय साडूभाऊंनी, म्हणून नुसता धरला होता."

"म्हणजे धोका टळला," चिटणीस म्हणाले. खोलीनं श्वास सोडला. कोणीतरी "बुडगळके तर बुडगळके, उडी मात्र झकास" असं म्हणालंसुद्धा.

मास्तरांचा श्वास मात्र सुटला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर ती ज्योत होती आणि ज्योतीमागचा पाइप. पाइप उजवीकडे होता. ज्या टोकावर ते चार दिवस बसले होते, जे टोक उजवीकडे धरताच येणार नव्हतं, ते भोंग्यानं उजवीकडे धरलं होतं, ओठांनी, कसंबसं. पंजा लागला तोही उजव्या बाजूला. आणि भोंग्याचा हात अजून डाव्या गालावर होता.

दोन महिन्यांचा अबोला. कुस्करलेलं, गार केलेलं अन्न. दोरा दातानं न तोडणं. अर्ध्या तोंडाचं हसू.

"साडूभाऊ," मास्तर म्हणाले, "आ करा."

भोंग्यानं मान फिरवली. "काही नाही. दाढ लागते जरा."

"आ करा."

"तुमच्यावर रागावलो होतो मी."

"रागावा. तोंड उघडून रागावा. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकं घालून बसलोय."

शेवटी भोंग्यानं तोंड उन्हाच्या दिशेला वळवलं आणि उघडलं, जेमतेम दोन बोटं. त्याहून जास्त उघडत नव्हतं. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. जिभेच्या डाव्या कडेला, दाढेच्या बरोबर समोर, एक जागा होती. कडा पांढऱ्या, उचललेल्या, मध्ये लाल. त्यांनी रुमाल गुंडाळलेलं बोट कडेला हलकेच लावलं. कडा कडक होती.

अशी जागा त्यांनी नोकरीत चार वेळा पाहिली होती. चारही वेळा माप घ्यायचं थांबवून माणसाला डॉक्टरकडे परत पाठवलं होतं. त्यातला एकजण पुढे कवळीसाठी परत आला. बाकीच्यांचे साचे बरीच वर्षं फळीवर होते.

त्यांनी भोंग्याची हनुवटी धरून तोंड मिटवलं, पुस्तक मिटवावं तसं. "किती दिवस?"

"उन्हाळ्यापासून." भोंग्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर कागदाचे कपटे काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवले. सरकारी दवाखान्याचे नंबर होते ते. चौदा. एकतीस. नऊ. बावीस. "रोज जातो. नंबर घेतो. नंबर जवळ आला की उठून येतो." मग म्हणाला, "तुम्ही ओळखाल अशी भीती वाटायची. म्हणून तुमच्यासमोर तोंडच उघडलं नाही."

जिवंत राहावा म्हणून ज्याच्या मागे सकाळपासून धावले तो माणूस हातात होता, आणि त्याला सांगण्यासारखा एकही विनोद त्यांच्यापाशी नव्हता. भीती सकाळचीच होती, फक्त आता ती थांबवायला कुठली पेटी फोडून चालणार नव्हतं.

नर्सबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "रविवारीही दवाखान्यात ड्युटीवर एक डॉक्टर असतो. आज आहे त्याला इंजेक्शन द्यायला मी शिकवलं होतं. नंबर लागणार नाही. चला."

"उद्या जाऊ," भोंगा म्हणाला.

"आज," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही पळालात तर मी पुन्हा उडी मारीन. पाहिलीत ना?"

स्थानकापर्यंत तिघं चालत गेली. बाई पुढे, हे दोघं मागे. मास्तरांनी साडूंचा दंड धरला होता. आधार देण्यासाठी की घेण्यासाठी, हे त्यांना ठरवता आलं नाही. दवाखान्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर भोंग्यानं विचारलं, "काय दिसलं तुम्हाला?"

मास्तर खोटं बोलण्यात कच्चे नव्हते. सकाळपासून तेच करत होते. "दिसलं ते चांगलं नाही दिसलं," ते म्हणाले. "पण मी कवळ्या करणारा माणूस. शेडमधली कण्हेरसुद्धा ओळखता आली नाही मला."

भोंग्यानं मान हलवली. 

तेवढ्यात डोक्यावरचा कर्णा खरखरला आणि भोंगा बोलू लागला. वरचा. खणखणीत, गोल, कशालाच न भिणारा आवाज स्थानकभर पसरला. "दवाखान्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं." खालचा भोंगा मान वर करून ऐकत होता, अनोळखी माणसाचं ऐकावं तसा. त्याचे ओठ मात्र, आवाज न करता, प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

गाडी आली. बाई चढल्या. भोंगा उठेना.

"साडूभाऊ," मास्तर म्हणाले, "तुम्हीच बोलावताय. चला."

भोंगा उठला. त्यानं मास्तरांचा हात असा धरला की बोटं पांढरी पडली, आणि दोघं म्हातारे, कोण कोणाला चढवतंय हे कंडक्टरला कळू न देता, पायरीवर चढले.